काविळीचा पहिला आठवडा

मामाच्या अंगणात पितळेची परात ठेवली होती, परातीत चुन्याची निवळी होती, आणि शेजारच्या गावाहून आलेला काविळीचा जाणकार मामाचे दोन्ही हात कोपरापासून बोटांपर्यंत चोळून त्या पाण्यात धूत होता. पाणी पिवळे होत गेले तसतसे भोवती जमलेल्यांचे चेहरे उजळत गेले. "पाहा न, किती उतरली थे," असे मामी म्हणाली. हाताला आधी आंब्याच्या सालीचा रस लावलेला असला की चुन्याच्या पाण्यात तो पिवळा रंग देतो, हे मला पुष्कळ नंतर कळले. मामाच्या गळ्यात ओल्या काड्यांची माळ होती. काड्या वाळून आकसल्या की दोऱ्याच्या गाठी सैल होतात, माळ लांबते, आणि ती बेंबीपर्यंत उतरली म्हणजे कावीळ गेली असे धरतात. मामाची माळ बेंबीपर्यंत उतरली, दुसरीही उतरली. डोळे मात्र पिवळेच राहिले, रात्र रात्र अंगाला खाज सुटू लागली आणि शौचाचा रंग भिजवलेल्या पांढऱ्या मातीसारखा झाला. कापसाचा दुसरा वेचा आटोपल्यावर, म्हणजे डोळे पहिल्यांदा पिवळे दिसल्यापासून सात आठवड्यांनी, त्याची सोनोग्राफी झाली. स्वादुपिंडाच्या डोक्याशी असलेल्या गाठीने पित्तनलिका दाबली गेली होती. गाठ रक्तवाहिनीला वेढून बसली असल्याने शस्त्रक्रिया होणार नाही, असे नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितले. त्यांनी पित्तनलिकेत नळी बसवून पित्ताला वाट करून दिली, खाज थांबली, आणि चैत्रात मामा गेला. सात आठवडे आधी आलो असतो तर काय झाले असते, या माझ्या प्रश्नाला त्या डॉक्टरांनी खात्रीचे उत्तर दिले नाही. तसे ते देता येण्याजोगेही नव्हते. पण तो प्रश्न विचारण्याची वेळ आमच्यावर आली, याचे उत्तरदायित्व एकट्या मामाच्या अंधश्रद्धेवर टाकता येणार नाही, असे मला तेव्हाही वाटले आणि आज अधिक वाटते. त्या सात आठवड्यांत तो दोनदा डॉक्टरकडेही गेला होता. दोन्ही वेळा त्याला सलाइन लागले, 'लिव्हरच्या गोळ्या' मिळाल्या, आणि शौचाचा रंग कसा आहे हे कोणीही विचारले नाही.

मी डॉक्टर नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्य काढलेला शिक्षक आहे. पण गेली काही वर्षे यकृत, स्वादुपिंड आणि पित्तमार्ग यांच्या आजारांवरचे जे संशोधन सामान्य वाचकाला समजून घेता येते ते मी चिकाटीने वाचत आलो आहे, आणि त्यातून माझे एक मत पक्के झाले आहे. या क्षेत्रातील नव्या संशोधनाचा लाभ विदर्भातल्या खेड्याला मिळणार की नाही, हे नागपुरात किती मजल्यांचे सुपरस्पेशालिटी रुग्णालय उभे राहते यापेक्षा, डोळे पिवळे झाल्यानंतरच्या पहिल्या सात दिवसांत त्या माणसाचे काय होते यावर अवलंबून आहे. शासनाने आपला पैसा, मनुष्यबळ आणि आग्रह आधी त्या सात दिवसांवर लावला पाहिजे.

कावीळ हा रोग नाही, ते लक्षण आहे, हे वाक्य आरोग्य खात्याच्या भिंतीवर रंगवलेले असते. त्याचा अर्थ मात्र कोणी उलगडून सांगत नाही. रक्तातल्या तांबड्या पेशी जुन्या होऊन फुटतात, त्यांतून बिलिरुबिन नावाचे पिवळे द्रव्य निघते, यकृत ते पित्तात सोडते आणि पित्त नलिकेतून आतड्यात उतरते; शौचाला रंग येतो तो त्यामुळेच. ही वाट तीन ठिकाणी बिघडू शकते. पेशीच प्रमाणाबाहेर फुटू लागल्या तर कावीळ होते: सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारात तसे होते, गडचिरोलीच्या जंगलात होणाऱ्या, मेंदूपर्यंत जाणाऱ्या मलेरियातही होते. यकृत सुजले तर कावीळ होते, मग ती सूज नळाच्या गळक्या पाइपात शिरलेल्या सांडपाण्यातून आलेल्या अ किंवा ई विषाणूची असो, ब किंवा क विषाणूची असो, दारूची असो, की क्षयरोगासाठी चालू असलेल्या गोळ्यांची असो. आणि नलिका तुंबली तर कावीळ होते. पित्ताचा खडा तिच्यात अडकतो किंवा मामासारखी गाठ तिला दाबते. एकाच पिवळ्या डोळ्यांमागे इतक्या वेगवेगळ्या गोष्टी असताना गावाने आणि पुष्कळदा गावातल्या दवाखान्यानेही त्या सगळ्यांना एकच औषध ठरवून टाकले आहे.

ते औषध टिकून का राहिले, याचे कारण समजून घेतल्याशिवाय त्याच्याविरुद्ध बोलण्यात अर्थ नाही. पाण्यातून येणारी अ आणि ई प्रकारची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते, आणि पावसाळ्यानंतर गावात येते ती बहुधा हीच. माळ घातलेल्या बहुतेक माणसांचे डोळे माळ लांबेपर्यंत खरोखरच पांढरे होतात. त्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे, ते खोटे बोलत नाहीत. ज्याची कावीळ माळेने उतरत नाही, त्याला बाहेर काढायला ही पद्धत असमर्थ आहे, आणि धोका नेमका तिथे आहे. ई प्रकारची कावीळ गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत जिवावर बेतू शकते. तिथे वाट पाहणे म्हणजे आई आणि बाळ दोघांनाही पणाला लावणे आहे.

विज्ञानाने आपल्या वनस्पतींकडे पाठ फिरवली, हा आरोपही वस्तुस्थितीला धरून नाही. आपल्या शेताच्या बांधावर पावसाळ्यात उगवणारा भुईआवळा काविळीवर देतात हे ऐकून, ब विषाणूचा शोध लावल्याबद्दल १९७६ साली नोबेल मिळालेले बारूक ब्लुमबर्ग यांनी मद्रासच्या त्यागराजन यांच्यासह त्यावर काम केले. १९८८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या त्यांच्या निबंधात भुईआवळा घेतलेल्या ३७ जणांपैकी २२ जणांच्या रक्तातून ब विषाणूची खूण नाहीशी झाल्याचे म्हटले होते. ज्यांना तुलनेसाठी औषध नसलेली नुसती बनावट गोळी दिली त्या २३ जणांपैकी एकाचीच नाहीशी झाली होती. जगभर आशा पल्लवित झाली, ठिकठिकाणी तोच प्रयोग पुन्हा झाला, आणि तसा परिणाम पुन्हा दिसला नाही. भुईआवळ्याला संधी मिळाली होती, ती न्याय्य रीतीने मिळाली होती. दुसऱ्या बाजूला करोनाच्या काळात घरोघर काढा करून घेतलेल्या गुळवेलीमुळे यकृताला सूज आलेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले आणि पुढे देशातल्या इतर केंद्रांनीही तसेच अनुभव मांडले. वनस्पती आहे म्हणून ती निरुपद्रवी आहे, ही समजूत यकृताच्या बाबतीत फार महागात पडते, कारण पोटात घेतलेली बहुतेक प्रत्येक गोष्ट आधी त्याच्याच दारात जाते.

नव्या संशोधनाच्या बातम्या आपल्यापर्यंत पोहोचतात त्या बहुधा महागड्या औषधांच्या. त्यांचे मोल मी कमी लेखत नाही. पित्तमार्गाच्या कर्करोगात नेहमीच्या रसायनोपचाराला ड्युरव्हॅलुमॅब हे प्रतिकारशक्तीला जागे करणारे औषध जोडले तर दोन वर्षांनी हयात असलेल्या रुग्णांचे प्रमाण सुमारे १० टक्क्यांवरून २५ टक्क्यांच्या जवळ जाते, असे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसले. पण त्याच चाचणीत निम्मे रुग्ण किती काळ जगले हे पाहिले तर ते अंतर ११.५ महिने आणि १२.८ महिने एवढेच आहे. चरबीमुळे सुजलेल्या यकृतासाठी रेझ्मेटिरॉम हे पहिले औषध अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये मान्य झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सेमाग्लुटाइडलाही त्याच कारणासाठी मान्यता मिळाली. ही औषधे ज्यांना परवडतील त्यांनी जरूर घ्यावीत. तूर्त आपल्या गावात मधुमेह आणि वाढलेले पोट घेऊन फिरणाऱ्या माणसाला हे सांगणे अधिक गरजेचे आहे की वजन सात ते दहा टक्क्यांनी उतरवले तर यकृतातली चरबी आणि सूज कमी होते. केंद्र सरकारने २०२१ मध्ये चरबीच्या यकृताचा आजार असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला आहे. वय, रक्तातली दोन यकृत-द्रव्ये आणि प्लेटलेट या चार आकड्यांवरून यकृत कितपत कडक झाले असावे याचा अंदाज बांधणारे 'फिब-४' हे साधे गणित प्राथमिक आरोग्य केंद्रातही करता येते. मी ते सातवीच्या मुलांकडून करवून घेऊ शकेन, फक्त वर्गमूळ शिकवावे लागेल.

ज्या संशोधनाकडे मला वाचकांचे लक्ष वेधायचे आहे ते दुसरेच आहे, आणि ते स्वस्त आहे. स्वादुपिंडाला एकाएकी सूज आली, म्हणजे पोटात बरगडीखालून पाठीत जाणारी असह्य कळ येऊन माणूस गुडघे छातीशी घेऊन पडला, की भरपूर सलाइन भराभर चढवायचे, अशी पद्धत कित्येक वर्षे होती. स्पेन, इटली, मेक्सिको आणि भारत अशा चार देशांत १८ रुग्णालयांत ती तपासली गेली. जोरात सलाइन दिलेल्यांपैकी २०.५ टक्के रुग्णांच्या शरीरात पाण्याचा अतिरेक झाला, बेताने दिलेल्यांपैकी फक्त ६.३ टक्क्यांच्या, आणि जोरात दिल्याने आजाराची तीव्रता काही कमी झाली नाही. त्यामुळे २४९ रुग्णांवर ती चाचणी मध्येच थांबवावी लागली. २०२२ चा हा निष्कर्ष राबवायला नवे यंत्र लागत नाही, सलाइनच्या नळीवरचे चाक किती फिरवायचे एवढे कळावे लागते. पित्ताच्या खड्यामुळे स्वादुपिंडाला सौम्य सूज आली असेल तर पित्ताशय त्याच भरतीत काढावे की घरी पाठवून महिन्याभराने बोलवावे, हा नेदरलँड्समधल्या २०१५ च्या चाचणीचा प्रश्न होता. घरी पाठवलेल्यांपैकी १७ टक्क्यांना खड्यांमुळे पुन्हा दवाखाना गाठावा लागला किंवा प्राण गमवावा लागला. त्याच भरतीत शस्त्रक्रिया झालेल्यांत हे प्रमाण ५ टक्के होते. सोयाबीनच्या हंगामात 'पोळ्यानंतर या' असे सांगून परत पाठवलेला शेतकरी पोळ्यानंतर येतोच असे नाही. तो निकाल आपल्यासाठी अधिक खरा आहे.

कडक झालेल्या यकृताच्या, म्हणजे सिरॉसिसच्या रुग्णांमध्ये पोटातल्या शिरांवरचा दाब वाढतो, मग पोटात पाणी साचते, रक्ताची उलटी होते. स्पेनमध्ये २०१ रुग्णांवर झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, असा दाब वाढलेला पण अजून पाणी न झालेल्या रुग्णांना प्रोप्रानोलॉल किंवा कार्व्हेडिलॉल ही हृदयविकारासाठी वर्षानुवर्षे वापरलेली गोळी दिली, तेव्हा पुढे यकृत कोलमडण्याचे किंवा मृत्यूचे प्रमाण २७ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आले. प्रोप्रानोलॉलची गोळी तालुक्याच्या कोणत्याही औषध दुकानात मिळते आणि तिची किंमत चहाहून कमी आहे. पण ती द्यायची कोणाला? ज्याचे पोट अजून फुगलेले नाही, ज्याला अजून काहीच होत नाही, त्याला. म्हणजे पुन्हा आपण त्याच जागी येतो: वेळेवर कोण ओळखणार?

आहाराबाबत तर संशोधनाने घराघरांतली पद्धत पुरती उलटवली आहे. यकृताचा रोगी म्हटले की आपल्याकडे तेल, तूप, हळद, डाळ, अंडे सगळे बंद होते, आणि ताकभात, मुगाचे पाणी, उसाचा रस यांवर त्याला महिनोन्महिने ठेवले जाते. सिरॉसिसच्या रुग्णाचे स्नायू आधीच झिजत असतात, त्याला वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने हवीत आणि रात्रभर उपाशी राहणेही त्याला बाधते, म्हणून झोपण्यापूर्वी त्याने काहीतरी खाल्ले पाहिजे, असे आज जगभरच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. वरण, अंडे, दही, झोपताना गूळ-शेंगदाणे किंवा अर्धी ज्वारीची भाकरी: यांतले काहीही नागपूरहून आणावे लागत नाही. माझ्या वस्तीतल्या एका माणसाचे हातपाय काड्यांसारखे झाले आणि पोट घागरीसारखे राहिले. त्याची बायको अखेरपर्यंत मनोभावे त्याची डाळ गाळून वरचे पाणीच त्याला पाजत होती. तिने प्रेमाने केले, आणि तिला कोणी दुसरे सांगितले नव्हते.

दारूबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. वर्धा जिल्ह्यात कित्येक दशके, गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. बंदी असावी की नसावी यावर पुष्कळ लिहिले जाते, पण ज्यांची यकृते आज सुजलेली आहेत त्यांच्यासाठी काय, यावर फारसे कोणी लिहीत नाही. दारू सोडणे हा त्यांच्यावरचा सर्वांत प्रभावी उपचार आहे, आणि तो उपदेशाने होत नाही. इटलीत २००७ साली सिरॉसिस झालेल्या ८४ मद्यासक्त रुग्णांवर बॅक्लोफेन या साध्या गोळीचा प्रयोग झाला. ती घेणाऱ्या ४२ पैकी ३० जणांनी दारू सोडून दाखवली, बनावट गोळी घेणाऱ्या ४२ पैकी १२ जणांनी. पुढच्या प्रयोगांचे निकाल संमिश्र आहेत, तरी एक गोष्ट स्पष्ट आहे की हा इच्छाशक्तीचा दोष मानून सोडून देण्याचा नव्हे तर उपचार करण्याचा आजार आहे. 'पिऊन पिऊन करून घेतलं' असे म्हणून ज्याला वॉर्डाच्या कोपऱ्यातल्या खाटेवर टाकले जाते, तोही कोणाचा तरी बाप असतो.

सरकारने ठरवले तर संशोधन गावापर्यंत किती वेगाने उतरते, याचे उदाहरण क विषाणूच्या काविळीने घालून दिले आहे. हा विषाणू १९८९ मध्ये ओळखला गेला. त्याच्यावरची सोफोस्बुव्हिर ही गोळी २०१३ च्या अखेरीस अमेरिकेत आली तेव्हा बारा आठवड्यांच्या उपचाराची किंमत ८४ हजार डॉलर होती, म्हणजे एकेक गोळी हजार डॉलरची. भारतीय कंपन्यांना ती बनवण्याचा परवाना २०१४ मध्ये मिळाला आणि किंमत कोसळली. पंजाबने २०१६ मध्ये ही गोळी जिल्हा रुग्णालयांतून फुकट द्यायला सुरुवात केली. मोठ्या शहरातल्या तज्ज्ञांनी जिल्ह्यातल्या साध्या फिजिशियनना पडद्यावरून शिकवले, आणि उपचार पुरे करून तपासणीला आलेल्या दहापैकी नऊहून अधिक रुग्ण बरे झाले. २८ जुलै २०१८ रोजी ब आणि क या दोन्हींसाठी मोफत तपासणी व उपचारांचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात सुमारे २ कोटी ९८ लाख लोकांना ब आणि ५५ लाखांना क विषाणूची दीर्घकाळची बाधा होती. म्हणजे औषध आहे, ते फुकट आहे, नियम आहे. आपल्या तालुक्यात दरवर्षी किती पिवळ्या डोळ्यांच्या माणसांची ब आणि क साठी तपासणी होते, हा आकडा जिल्हा परिषदेच्या सभेत कोणी सदस्याने मागितल्याचे मी ऐकलेले नाही. तो मागितला पाहिजे. जन्मल्यापासून २४ तासांच्या आत ब विषाणूची लस किती बाळांना टोचली जाते, हाही आकडा त्याच सभेत मागितला पाहिजे. आईकडून बाळाकडे जाणारा हा विषाणू लहानपणी शिरला तर बहुतेकांत जन्मभर राहतो.

विदर्भासाठी या सगळ्यात एक वेगळी गोष्ट आहे, आणि ती सिकलसेलची. गोंड, माडिया, परधान, कोलाम अशा आदिवासी समाजांत आणि पूर्वाश्रमीच्या महार समाजात हा आजार आपल्या भागात मोठ्या प्रमाणावर आहे. या रुग्णांच्या तांबड्या पेशी लवकर फुटतात, बिलिरुबिन वाढलेले राहते, डोळे कायम किंचित पिवळे असतात आणि लहान वयातच पित्ताशयात काळे खडे तयार होतात. माझ्या शाळेत अशी एक मुलगी होती, जिला सगळे वर्षभर कावीळ आहे असे समजत आणि जिला दर वर्षी एक माळ घातली जाई. पोट दुखले की तो सिकलसेलचा झटका समजून वेदनाशामक दिले जाते; तो खडा नलिकेत अडकलेला असू शकतो, हे लक्षात घ्यायला सोनोग्राफी लागते. अशा रुग्णाची शस्त्रक्रिया करण्यापूर्वी रक्त द्यावे का, या प्रश्नाचे उत्तर २०१३ मध्ये 'लॅन्सेट'मधल्या चाचणीने दिले. आधी रक्त दिलेल्यांत दखल घेण्याजोगी गुंतागुंत १५ टक्के, न दिलेल्यांत ३९ टक्के. सिकलसेल उच्चाटनाचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले आहे आणि कार्डे वाटली जात आहेत. त्या कार्डाबरोबर ठराविक काळाने पोटाची सोनोग्राफी जोडली, तर ते कार्ड रुग्णाला अधिक उपयोगी पडेल.

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात पिवळ्या डोळ्यांच्या माणसासाठी सात दिवसांचा नियम असावा. पहिल्या दिवशी चार प्रश्न विचारले जावेत: शौचाचा रंग काय, अंगाला खाज आहे का, थंडी वाजून ताप येतो का, वजन उतरले का. त्याच दिवशी रक्त घेतले जावे आणि त्यात बिलिरुबिनचे दोन्ही प्रकार, यकृताची द्रव्ये, प्लेटलेट, ब आणि क विषाणू, सिकलसेल हे सगळे असावे. सातव्या दिवसाच्या आत सोनोग्राफी व्हावी. थंडीताप आणि पोटदुखीसह कावीळ, गुंगी किंवा रक्तस्राव असलेली कावीळ, क्षयाच्या गोळ्या चालू असतानाची कावीळ आणि गरोदर स्त्रीची कावीळ यांना सात दिवसही थांबवू नये, त्याच दिवशी पुढे पाठवावे. वय पन्नाशीच्या पुढे, पोट न दुखता आलेली कावीळ, नव्याने लागलेला मधुमेह आणि उतरलेले वजन हे एकत्र दिसले तर स्वादुपिंडाचा संशय धरून थेट मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी द्यावी. मामाच्या बाबतीत यातल्या तीन गोष्टी पहिल्याच आठवड्यात होत्या.

यावर येणारे आक्षेप मला ठाऊक आहेत आणि ते खोटे नाहीत. सोनोग्राफीचे यंत्र आहे तर रेडिऑलॉजिस्ट नाही, तो आठवड्यातून एकदा येतो, आणि गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यामुळे यंत्र कोणीही हाताळू शकत नाही. तो कायदा आवश्यक आहे आणि तो सैल करा असे मी कधीच म्हणणार नाही. पण आठवड्यातून एकदा येणाऱ्या तज्ज्ञाच्या त्या दिवसाच्या यादीत काविळीच्या रुग्णांची नावे सर्वांत वर असतील, एवढा नियम करायला कायदा आड येत नाही. दुसरा आक्षेप असा की लोक मुळात दवाखान्यात येतच नाहीत. त्यासाठी माळ घालणाऱ्याशी भांडण करून उपयोग नाही. मेळघाटात भूमकांना, म्हणजे तिथल्या पारंपरिक जाणकारांना, सोबत घेऊन रुग्ण पुढे पाठवण्याचे प्रयत्न झाले आहेत, आणि वाट तीच आहे. जाणकाराने माळ घालावी वाटल्यास, पण शौच पांढरे असेल तर त्यानेच म्हणावे की ही माझ्या हातची कावीळ नाही. असे म्हणणारे जाणकार मी पाहिले आहेत, आणि गाव त्यांचा शब्द मोडत नाही. तिसरा आक्षेप पैशाचा. महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेत आता कुटुंबाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आहे, पण ती योजना भरती झाल्यावर सुरू होते. भरतीच्या आधीची तपासणी, एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी हा खर्च ज्या माणसाला थांबवतो, त्याच्यासाठी तिच्यात जागा नाही. ती करावी लागेल.

ज्या जागी पहिल्या दिवसांचे मोल सर्वांत जास्त आहे ती जागा मात्र मोठ्या माणसाची नाही, बाळाची आहे. हजारो बाळांमागे एखादे असे जन्मते की त्याच्या पित्तनलिका बुजलेल्या असतात. दिसायला ते गुटगुटीत असते, कावीळ थोडीच असते, आजी म्हणते उन्हात धरा. त्याचे शौच मात्र पांढुरके असते. जपानचे मोरिओ कसाई यांनी १९५९ मध्ये जी शस्त्रक्रिया मांडली तिच्यात आतड्याचा तुकडा थेट यकृताला जोडतात, आणि ती बाळ साठ दिवसांचे होण्याआधी झाली तर यशाची शक्यता अधिक असते. उशीर झाला तर यकृत कडक होते आणि प्रत्यारोपणाशिवाय वाट उरत नाही. तैवानने २००४ पासून प्रत्येक आईला शौचाच्या रंगांचे एक छापील पत्रक द्यायला सुरुवात केली, रंग जुळवून पाहायचा आणि फिका असेल तर कळवायचे. साठ दिवसांच्या आत शस्त्रक्रिया होणाऱ्या बाळांचे प्रमाण त्यामुळे वाढले. आपल्याकडे आशा ताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते. ही घरपोच नवजात सेवा देशाला दिली ती गडचिरोलीने. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने तिथल्या ३९ गावांत ती करून दाखवली, नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे १९९९ मध्ये सिद्ध केले, आणि पुढे ती राष्ट्रीय कार्यक्रमाचा भाग झाली. तापमापक, वजनकाटा आणि घड्याळ घेऊन जाणाऱ्या त्या ताईच्या पिशवीत रंगांचे एक पत्रक घालायचे आहे. चौदाव्या दिवशी तिने ते लंगोटाशेजारी धरले आणि रंग फिका निघाला, तर साठाव्या दिवसाला अजून ४६ दिवस असतात. तेवढ्यात धारणीचे बाळ सेमाडोहचा घाट उतरून अमरावतीला आणि तिथून नागपूरला पोहोचते. भामरागडचेही पोहोचते, कारण वाट अडवणारा पर्लकोटा नदीचा पूर तेवढे दिवस राहत नाही.